गुलाबी कडेवरचा शब्द

हे काय आहे?

चित्रात एक परात आहे. परातीत बारीक रवा आहे आणि त्या रव्यात कुणाच्या तरी हातून बारीक साखर सांडली आहे. दोन्ही पांढरे. दाणे इतके सारखे, की चाळणीतून दोन्ही बरोबरच खाली पडतात. चाखून बघायचे नाही. पाणी घालायचे नाही. साखर तेवढी काढायची आणि रवा शक्यतो सगळा वाचवायचा.

कसे कराल?

(इथे थोडी जागा सोडली आहे. विचार करून मग खाली या.)



पूर्वा आडेने विचार केला आणि सांगितले, की परातीजवळ मुंग्या सोडायच्या.

हे कोडे तिला चिमट्याने घातले होते. चिमटा हा मेंदू-रुग्णालयातला यंत्रमानव. त्याचे खरे नाव अक्षरे आणि आकडे मिळून इतके लांब होते, की ते पूर्ण उच्चारेपर्यंत पेशंटला झोप लागे. त्याच्या उजव्या हाताला बोटांऐवजी लांब चिमटा होता, म्हणून परिचारिकांनी त्याचे बारसे परस्पर उरकून टाकले होते. पेशंटशी बोलत राहणे हे त्याचे काम. शस्त्रक्रियेआधी, आणि मेंदूच्या काही शस्त्रक्रियांत तर ती चालू असतानासुद्धा.

"जवळजवळ बरोबर," चिमटा म्हणाला. "मुंग्या साखर शोधून काढतात. आम्ही त्याच्याही पुढचं करतो. असं काहीतरी पाजतो, की साखर आपणहून हात वर करते."

पूर्वाला हसू आले नाही. परात, रवा आणि साखर म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. रवा म्हणजे तिच्या आईचा मेंदू. साखर म्हणजे त्या मेंदूत, डाव्या कानाच्या जरा वर वाढलेली गाठ.

हे काय आहे?

चित्रात पाना आहे. नट-बोल्ट आवळायचा.

पूर्वाची आई, रेणुका आडे, गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनांची दुरुस्ती करायची. पाना रोज तिच्या हातात असे. एके दिवशी खांबावर चढून तिने खाली उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पाना मागितला आणि तिला तो शब्दच आठवला नाही. ती म्हणाली, ते दे, ते फिरवायचं. सहकारी हसला. तीही हसली. पुढच्या आठवड्यात तिला 'खांब' आठवला नाही, तेव्हा कुणी हसले नाही.

पूर्वाचे वडील लडाखच्या सौरप्रकल्पावर होते आणि बर्फामुळे विमाने बंद होती. त्यामुळे रुग्णालयात आईबरोबर होती ती बारा वर्षांची पूर्वा.

हे काय आहे?

चित्रात शिंप्याचे दुकान आहे. एक जण कापड बेततो, दुसरा शर्ट शिवतो, तिसरा काज-बटण करतो.

हे चित्र डॉक्टर नसीम मुकादम यांनी कागदाच्या पाठीवर काढले. शस्त्रक्रिया त्याच करणार होत्या. चित्र चांगले नव्हते. शिंपी बेडकासारखा दिसत होता. पण समजावण्याची त्यांची पद्धत पूर्वाला आवडली, कारण त्या मध्येच थांबून तिला काय वाटते ते विचारत.

त्यांनी सांगितले ते असे. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी (शरीर ज्यांनी बनते त्या सूक्ष्म खोल्या) स्वतःपुरते एक लाल द्रव्य बनवतात. रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुटुंबातलेच ते. ते एकदम बनत नाही. पायरी पायरीने बनते, शर्टासारखे. शेवटच्या पायरीला त्यात लोहाचा एक कण बसवावा लागतो. तेच काज-बटण.

आता समजा, कुणी या दुकानात एकाएकी गठ्ठेच्या गठ्ठे कापड आणून टाकले. निरोगी पेशी मुळात फारसे कापड आत घेतच नाहीत, आणि घेतले तेवढ्याचे शर्ट पुरे करून हातावेगळे करतात. या गाठीच्या पेशी हावरट असतात. त्या कापड भराभर आत ओढतात, पण त्यांचा काज-बटणवाला सुस्त. मग काय होईल?

बिनबटणांच्या शर्टांचा ढीग लागेल, असे पूर्वा म्हणाली.

तोच ढीग आम्हाला हवा असतो, डॉक्टर म्हणाल्या. त्या अर्धवट शर्टाचे नाव पॉर्फिरिन. त्याच्यावर निळा-जांभळा प्रकाश टाकला, तर ते लाल-गुलाबी उजळते. बटण लागले, म्हणजे लोह बसले, की उजळणे बंद. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्याच रंगाचा प्रकाश बाहेर टाकायचा, याला प्रतिदीप्ती म्हणतात. वहीत ओळी ठळक करायला वापरता ते भडक पेन इतके चमकते, त्याचेही कारण हेच.

आणि कापड म्हणजे एक आंबट औषध. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल. ते शस्त्रक्रियेआधी काही तास प्यायचे. साध्या पांढऱ्या दिव्याखाली गाठ आणि मेंदू सारखेच दिसतात, परातीतल्या रव्यासारखे. निळा दिवा लावला, की गाठ उजळते. ते औषध त्वचेतही थोडे जाते, म्हणून नंतर एक-दोन दिवस पेशंटला ऊन आणि प्रखर दिवे चालत नाहीत. अंग भाजल्यासारखे होते.

"म्हणजे सगळी गाठ दिसते?" पूर्वाने विचारले.

डॉक्टरांनी मान हलवली. मधला भाग लालभडक दिसतो. कडेला फिकट गुलाबी, कारण तिथे गाठीच्या पेशी चांगल्या पेशींत मिसळलेल्या असतात. काही गाठी तर उजळतच नाहीत. म्हणजे, दिसले नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी चित्राखाली दोनदा रेघ मारून सांगितली. प्रकाश फक्त गाठ कुठे आहे तेवढे सांगतो. त्याच जागी तुझ्या आईचे काय राहते, ते त्याला माहीत नसते. ते आईलाच विचारावे लागते.

म्हणून शस्त्रक्रियेच्या मधल्या भागात आईला जागे करणार होते. मेंदूला स्वतःला दुखत नाही. वरची त्वचा बधिर केलेली असते. डॉक्टर एका बारीक सळईने मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीज टेकवतात, त्याने तेवढी जागा क्षणभर गोंधळते. त्याच क्षणी चिमटा पेशंटला एक चित्र दाखवतो आणि विचारतो, हे काय आहे? नाव सांगता आले तर जागा मोकळी. शब्द अडला तर ती जागा कापायची नाही.

हे काय आहे?

चित्र नाही. एक प्रसंग आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चिमटा आईच्या खाटेपाशी आला. त्याने विचारले, की आपण कोणकोणत्या भाषा बोलता. मराठी, असे उत्तर मिळाले. कामावर हिंदी, आणि थोडी इंग्रजी. चिमट्याने चित्रे आणि तिन्ही भाषांतले प्रश्न तयार ठेवले.

हा प्रसंग पूर्वाने पुढे मनात पुष्कळदा सांगून पाहिला. दर वेळी असाच. दर वेळी त्यातली काही वाक्ये गळत. ती घालून तो पुन्हा सांगायला हवा.

हे काय आहे?

तोच प्रसंग, गळलेल्या वाक्यांसह.

शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते आणि त्यांना भेटायला त्यांची नात आली होती. ती ओवी, पूर्वाच्याच वर्गातली. ती सफरचंद खात होती आणि यंत्रमानवाकडे बघत होती. चिमट्याने भाषांचे विचारले. आईने पूर्वाकडे पाहून तोंड उघडले. तिच्या तोंडून काही निघण्याआधीच पूर्वा म्हणाली, "मराठी. आम्ही घरी मराठीच बोलतो."

आईने तिच्याकडे पाहिले. मग चिमट्याकडे बघून म्हणाली, "हो. मराठीच."

घरी ते फक्त मराठी बोलत नव्हते. घरी आई गोरबोली बोलायची, बंजारा तांड्यावरची भाषा. पूर्वा घरात आईला याडी म्हणायची. दाराबाहेर पाय पडला की आई.

याची सुरुवात पाचवीत झाली. आई शाळेच्या फाटकाशी आली होती आणि तिने पूर्वाला तांड्यावर मारतात तशी लांबून हाक मारली. डबा राहिला होता, एवढेच. पण नंतर आठवडाभर वर्गातली मुले तोंड वाकडे करून तीच हाक मारत होती. पूर्वाने घरी येऊन सांगितले, की बाहेर असे बोलत जाऊ नकोस. आई बरे म्हणाली. मग पूर्वा घरातही मराठीत उत्तरे देऊ लागली. आई गोरबोलीत विचारायची, ती मराठीत सांगायची. कुणी भांडले नाही. रोज एका बाजूने दार थोडे थोडे ओढून घ्यावे, तसे ते होत गेले.

ओवीने सफरचंद संपवले आणि ती निघून गेली. तिने काही ऐकलेसुद्धा नव्हते बहुतेक.

हे काय आहे?

औषधाचा पेला. सकाळी आईने तो एका दमात प्यायला आणि कैरी चावल्यासारखे तोंड केले. मग तिच्या डोळ्यांवर गडद चष्मा चढवून तिला नेले. जाताना तिने पूर्वाला विचारले, की तू काही खाल्लेस का. गोरबोलीत विचारले. पूर्वा म्हणाली, "हो, पोहे खाल्ले."

मराठीत.

हे काय आहे?

चित्रात खुर्ची आहे. तिला 'सोबतीची खुर्ची' म्हणतात.

जागेपणी होणाऱ्या शस्त्रक्रियेत पेशंटच्या चेहऱ्याच्या बाजूला घरचे एक माणूस बसू शकते. डॉक्टर पडद्याच्या पलीकडे, घरचे माणूस पडद्याच्या अलीकडे. निर्जंतुक झगा, टोपी आणि तोंडावर पट्टी बांधून पूर्वा तिथे बसली होती. समोरच्या स्क्रीनवर डॉक्टरांना दिसते ते तिलाही दिसत होते. बघायचे नसेल तर नको बघूस, असे त्यांनी तिला आधीच सांगितले होते. तिने बघितले.

पांढऱ्या प्रकाशात सगळे एकाच रंगाचे होते. फिकट, ओले, वर बारीक रक्तवाहिन्या. कुठे काय, काहीच कळत नव्हते. मग डॉक्टर म्हणाल्या, "निळा," आणि खोली काळोखी झाली.

मेंदू गडद निळा झाला आणि त्याच्या मधोमध एक निखारा दिसू लागला. फुंकर घातल्यावर दिसतो तसा. पूर्वाला भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटले ते नवलच. सकाळी प्यायलेले आंबट पाणी तिथपर्यंत पोचले होते आणि नेमक्या चोराच्या अंगावर जाऊन बसले होते.

निळा दिवा ते फार वेळ ठेवत नव्हते. जास्त वेळ ठेवला तर ती लकाकी विरत जाते, असे चिमट्याने कुजबुजून सांगितले. म्हणून थोडा वेळ निळा, मग पांढरा, मग पुन्हा निळा. निखारा लहान होत गेला. दुपारपर्यंत मधला लाल भाग संपला होता. आता कडेला एक गुलाबी ठिपका उरला होता, तुरीच्या डाळीएवढा.

आईला जागे केले होते. तिचा आवाज जड होता, पण ती चिमट्याला चिडवत होती, की तुझा हात माझ्या गॅसजवळच्या चिमट्यापेक्षा बरा नाही. चिमटा म्हणाला, की तो कौतुक समजून घेत आहे.

पांढरा दिवा लावून डॉक्टरांनी ठिपक्याच्या जागेवर सळई टेकवली. चिमट्याने चित्र धरले.

"हे काय आहे?"

"ही भाकरी आहे," आई म्हणाली.

पुन्हा टेकवली. कंगवा. आईने कंगवा सांगितला. छत्री सांगितली. हिंदीत सांगितले, इंग्रजीतही अडखळत सांगितले. काहीच अडले नाही.

"जागा मोकळी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा काढून घेऊ."

हे काय आहे?

पूर्वाच्या डोक्यात त्या वेळी जे आले ते.

डॉक्टरांनी तिला समजावले होते, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत पुष्कळशी जागा सगळ्या भाषांची सामाईक असते. पण काही ठिपके एखाद्याच भाषेच्या कामात गुंतलेले आढळतात. कुठले, ते आधी सांगता येत नाही. प्रत्येकाचा नकाशा वेगळा. विचारलेल्या भाषेचीच जागा सापडते. न विचारलेल्या भाषेबद्दल सळई मुकी असते.

पूर्वाला वाटले, की त्या ठिपक्यात गोरबोलीचे काही नसेलच कदाचित.

तिला वाटले, की असले तरी गाठ निघणे जास्त महत्त्वाचे.

आणि तिला वाटले, की कुणाला कळणार नाही. हा विचार इथे शेवटी लिहिला आहे. तिला तो सगळ्यांत आधी आला होता.

तोंडावरच्या पट्टीखाली तिचे गाल तापले. ती म्हणाली, "थांबा." ते इतके हळू होते, की तिचे तिलाच ऐकू आले नाही. "आणखी एक भाषा आहे."

चिमट्याचे कान मात्र तीक्ष्ण होते. त्याने सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा स्पष्ट आवाजात सांगितले, "सोबतीच्या खुर्चीवरून असे सांगण्यात येत आहे, की आणखी एक भाषा आहे."

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. खोलीतली सगळी माणसे पूर्वाकडे वळली. पट्ट्यांवरचे नुसते डोळे.

कोणती भाषा, ते डॉक्टरांनी विचारले. गोरबोली, ती म्हणाली. घरी कोण बोलते, असे विचारल्यावर ती म्हणाली, आई. आणि काल हे का सांगितले नाही, असे डॉक्टरांनी विचारले.

उत्तर चादरीखालून आले. "माझ्याकडून राहून गेलं, डॉक्टर. औषधाच्या गुंगीत होते मी."

आई गुंगीत नव्हती. पूर्वाला ते माहीत होते, आणि आईला माहीत होते, की पूर्वाला ते माहीत आहे. डोके उघडलेल्या अवस्थेत पडल्या पडल्या आई तिची लाज झाकत होती.

"मी सांगू दिलं नाही," पूर्वा म्हणाली. "वर्गातली मुलगी होती तिथे."

डॉक्टर म्हणाल्या, की ते सगळे नंतर. आत्ता विचारणारे कुणीतरी हवे, आणि चिमट्याला ही भाषा येते का. चिमटा म्हणाला, की त्याला शंभरावर भाषा येतात, पण ही त्यांत नाही. मग त्याने आपल्या हातातली चित्रे पूर्वापुढे धरली.

पूर्वाने परक्या माणसांसमोर आजवर गोरबोलीतला एक शब्दही उच्चारला नव्हता. तिने भाकरीचे चित्र उचलले.

"ई कांई छ?" हे काय आहे?

आवाज फाटला. उच्चारही मराठीच्या वळणाचा झाला. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले.

"बाटी," आई म्हणाली.

ते सळई न लावता. आता डॉक्टरांनी सळई टेकवली आणि पूर्वाने पुन्हा विचारले. आईने चित्राकडे पाहिले. ओठ हलले. ती चित्राकडे बघतच राहिली, एखाद्या ओळखीच्या माणसाकडे नाव न आठवता बघावे तशी. मग म्हणाली, "भाकरी." आणि आपल्याच उत्तराने गोंधळून तिने पूर्वाकडे पाहिले.

सळई काढली. "बाटी," आई लगेच म्हणाली.

डॉक्टरांनी खात्रीसाठी वेगवेगळी चित्रे घेऊन हेच पुन्हा केले. सळई लागली की मराठी यायची, गोरबोली यायची नाही. त्या गुलाबी ठिपक्यात गाठीच्या पेशी होत्या आणि त्यांच्यातच मिसळून याडीची भाषा होती.

आईच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "काढून टाका, डॉक्टर. मराठी राहते ना? मग झालं. ती भाषा आता घरात मी एकटीच बोलते."

यात राग नव्हता. जळलेली वायर काढून टाका, असे ती सहकाऱ्याला सांगायची, त्याच सुरात तिने हे सांगितले.

पूर्वा उठून उभी राहिली. उभे राहायचे नसते, म्हणून चिमट्याने तिचा झगा धरून तिला खाली बसवले. बसल्या बसल्या तिने जे म्हटले ते गोरबोलीत होते. वाक्य अडखळत आले, एका शब्दाच्या जागी तिने मराठी शब्द घातला. सगळे मराठीत सांगायचे तर ते असे होते:

"याडी, तू विचारत जा. मी उत्तर देईन."

डॉक्टरांना ते कळले नाही. कळण्याची गरजही नव्हती. त्या म्हणाल्या, "रेणुकाताई, सळई लावल्यावर जिथे शब्द अडतो, तिथे मी कापत नाही. हा नियम तुम्ही इथे येण्याच्या आधीपासूनचा आहे." आणि त्यांनी निळा दिवा लावून ठिपका एकदा पाहिला आणि दिवा बंद करायला सांगितला.

ठिपका दिसेनासा झाला. तो होता तिथेच होता.

हे काय आहे?

अंधारी खोली. जाड पडदे, मंद दिवा. वर सांगितलेच आहे, की औषधानंतर प्रखर उजेड चालत नाही.

आई झोपली होती. पूर्वाने डॉक्टरांना विचारले, की तिच्यामुळे गाठीचा तुकडा आत राहिला का. हे विचारताना ती त्यांच्या चपलांकडे बघत होती.

डॉक्टर मुकादम तिच्याशेजारी बाकावर बसल्या. त्यांनी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. त्या म्हणाल्या, की तुकडा राहिला, कारण तो अशा जागी वाढला होता. तू गप्प राहिली असतीस तर तो निघाला असता आणि त्याच्याबरोबर भाषाही गेली असती, कदाचित कायमची. आता त्यावर किरणांचे उपचार करू, औषधे देऊ, वरचेवर तपासत राहू. तो पुन्हा वाढणारच नाही, असे मी म्हणणार नाही. पण आपल्याला त्याचा पत्ता ठाऊक आहे.

"आणि प्रश्न मीच चुकीच्या जागी विचारायला लावला," त्या म्हणाल्या. "चारचौघांत माणसाला विचारायचं, घरी काय बोलता म्हणून. मी स्वतः कोकणातली, घरची बोली वेगळी. वसतिगृहात पहिलं वर्षभर मीसुद्धा आईचा फोन जिन्यात जाऊन घ्यायचे."

पूर्वाने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिले.

चिमटा दारात उभा होता. तो म्हणाला, की उत्तर पेशंटकडून येण्याआधी मुलीकडून आले, हे त्याच्या स्मृतीत स्पष्ट आहे आणि तरीही त्याने ते चालवून घेतले. त्याला लाज वाटण्याची सोय त्याच्यात बसवलेली नाही. ती बसवता येईल का, याची तो चौकशी करणार आहे.

डॉक्टरांनी पुढचे बरेच काही सांगितले. फिकट लकाकी डोळ्यांना दिसत नाही, पण ती मोजणारी यंत्रे आता अधिकाधिक बारकाईने पाहू लागली आहेत. कडेवरच्या एकेकट्या पेशीलाही हेरतील अशी द्रव्ये प्रयोगशाळांत तयार होत आहेत. एखाद्या दिवशी गाठ एका रंगात आणि शब्दांच्या जागा दुसऱ्या रंगात दिसतील. मग सळई लागणार नाही. पण तो दिवस आला तरी, कुठल्या शब्दांसाठी रंग बनवायचे, हे कुणीतरी सांगावेच लागेल. चिमट्याकडे ज्या भाषा नाहीत, त्यांची यादी त्यांनी त्याला करायला लावली होती. ती फारच लांब निघाली.

हे काय आहे?

चित्रात गुडघा आहे. गुडघ्यावर खपली धरली आहे.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आईची गोरबोली मागेपुढे होत होती. मेंदूला सूज होती, ती उतरेल, असे डॉक्टर म्हणाल्या होत्या. आई विचारायची, पूर्वा उत्तर द्यायची. पूर्वाचीच भाषा जास्त अडखळत होती. खोलीत परिचारिका आली की तिचे कान अजून गरम व्हायचे. ती बोलायची थांबत नव्हती, पण गरम व्हायचे.

दुपारी ती चिमट्यासाठी चित्रांची नावे ध्वनिमुद्रित करायला बसायची. गोरबोली बोलणारे पुढचे पेशंट येतील त्यांच्यासाठी. घर, झाड, कुत्रे, पाणी ही भराभर झाली. पुढे पुढे ती अडू लागली. चाळणीला काय म्हणतात? डोक्यावर घागरीखाली ठेवायच्या चुंबळीला? हे शब्द तिने कधीतरी ऐकले होते आणि ऐकून सोडून दिले होते. दर अडलेल्या चित्रापाशी तिची मान खाली जायची. मग ती आईकडे जाऊन विचारायची.

खपलीचा शब्द आईलाही आठवेना. तिने डोळे मिटून पाहिले, छताकडे पाहिले. हा शब्द शस्त्रक्रियेत गेला, की कित्येक वर्षांत कुणी त्यांच्या घरात तो उच्चारलाच नव्हता म्हणून गेला, हे दोघींपैकी कुणालाही सांगता आले नसते.

आईने आपला फोन पूर्वाच्या हातात दिला. तांड्यावर आईची मोठी बहीण राहायची. पूर्वाने तिच्याशी आजवर एकदाही स्वतःहून बोलणे काढले नव्हते. फोन आला की ती तो आईकडे द्यायची.

दोन रिंगा झाल्या. पलीकडून मावशीने गोरबोलीत विचारले, की कोण बोलते आहे.

खोलीत परिचारिका होती. दार उघडे होते. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होते, त्यामुळे हळू बोलून भागणार नव्हते. पूर्वाने मोठ्याने, गोरबोलीत आपले नाव सांगितले आणि विचारले, की मावशी, गुडघा फुटल्यावर त्यावर जे धरते, त्याला आपल्यात काय म्हणतात?